कशिद्याच्या पाठीमागचे कापड

मुंबई-गोवा महामार्गावर खारपाड्याजवळ पाताळगंगा ओलांडली, की पेण शहर येण्यापूर्वीच गणपतीचा मुलूख सुरू होतो. हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे या गावांत मूर्तिशाळेला 'कारखाना' म्हणतात आणि त्या शब्दात अतिशयोक्ती नाही. साच्यातून मूर्ती काढणे, सुकवणे, घासणे, रंगवणे, डोळ्यांची आखणी करणे अशी कामे निरनिराळ्या हातांत वाटलेली असतात आणि तयार मूर्ती मुंबई-पुण्याबरोबर परदेशातही जातात. या कामात अलीकडच्या वर्षांत एक नवी पायरी आली आहे. पूर्वी पीतांबर, शेला आणि फेटा कुंचल्याने रंगवला जात असे. आता पुष्कळ मूर्तींना खरे कापड नेसवले जाते. सॅटिनचे धोतर, जरीकाठाचा शेला, खडे लावलेला फेटा आणि त्यांवर यंत्रावर भरलेल्या वेलबुट्टीच्या पट्ट्या असा हा साज असतो.

यामुळे पेण, पनवेल आणि रोह्याच्या कापडबाजाराला एक नवे गिऱ्हाईक मिळाले. समाजातील अनेक घरांचा पिढीजात व्यवसाय कापडाचा. त्यांच्या फळीवर सॅटिन, क्रेप, टिश्यू, ब्रोकेड आणि मखमल यांचे तागे असतात, जर आणि लेस असते. मात्र भरतकामाच्या पाठीमागे लावायच्या कापडाची जागा बहुधा सर्वांत खालच्या कप्प्यात, एकाच जातीच्या एका रोलपुरती असते. ग्राहकाने 'बॅकिंग पेपर' मागितला की तोच रोल उलगडायचा आणि मीटरने कापून द्यायचा. त्याचे वजन किती, तो फाडायचा की कापायचा, पाण्यात टिकतो की विरघळतो, हे ना विकणारा सांगतो ना घेणारा विचारतो. आजवर हे चालून गेले, कारण मूर्तीचे वस्त्र बहुधा डिंकाने चिकटवलेले असते. चिकटवलेल्या कापडाची सुरकुती डिंक झाकतो. पुढे हे चालेलच असे नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये मूर्तिविसर्जनासंबंधीची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली. त्यांतील प्लास्टर ऑफ पॅरिसवरील बंदीचीच चर्चा अधिक झाली. मुंबई उच्च न्यायालयाने ३० जानेवारी २०२५ रोजी या तत्त्वांची काटेकोर अंमलबजावणी करण्यास सांगितले आणि त्याच वर्षी ९ जूनला प्लास्टरच्या मूर्ती घडवण्यास मोकळीक दिली, मात्र नैसर्गिक जलाशयातील विसर्जनाची अट कायम ठेवली. या वादाच्या गदारोळात त्याच तत्त्वांमधील एक सूचना मागे पडली: मूर्तीची शोभा विषारी रंगांनी वाढवण्याऐवजी नैसर्गिक धाग्यांची, काढता येणारी आणि धुता येणारी वस्त्रे वापरावीत. कापडाच्या व्यापाऱ्याने अधोरेखित करावी अशी ही सूचना आहे. वस्त्र विसर्जनापूर्वी उतरवायचे, धुवायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा नेसवायचे, तर ते चिकटवून चालणार नाही. ते शिवलेले लागेल. आणि शिवलेले, धुतले जाणारे वस्त्र म्हटले की भरतकामाच्या पाठीमागे काय लावले आहे, हा प्रश्न थेट पुढे येतो.

यंत्रावरील भरतकामात सुई मिनिटाला सहाशे ते हजार टाके घालते. प्रत्येक टाक्यात वरचा आणि खालचा धागा ताणलेला असतो. सुई वर गेली की तो ताण कापडावर राहतो. एका टाक्याचा ताण क्षुल्लक असतो; पण वीतभर बुट्टीत कित्येक हजार टाके बसतात आणि ते सारे एकाच जागी कापडाला आपल्याकडे ओढतात. टाके ज्या दिशेने पडतात त्या दिशेने कापड आखडते आणि त्याच्या आडव्या अंगाने बाहेर ढकलले जाते. म्हणूनच संगणकावर गोल काढलेली बुट्टी कापडावर अंड्यासारखी दिसते. फ्रेममध्ये कापड ताणलेले असेपर्यंत हा दोष लपतो. फ्रेम सोडली की बुट्टीभोवती चुण्या पडतात, आणि मग कितीही इस्त्री फिरवली तरी त्या जात नाहीत, कारण चुणी कापडात नसते, टाक्यांत असते.

हा ताण कापडाऐवजी दुसऱ्या कोणीतरी सोसावा, यासाठी बॅकिंग. 'पेपर' हे नाव फसवे आहे. बाजारातील बहुतेक बॅकिंग हा कागद नसून न विणलेले, तंतू दाबून किंवा चिकटवून केलेले कापड असते. त्याला ताणा-बाणा नसतो, म्हणून ते विणलेल्या कापडासारखे तिरके ताणले जात नाही. तरीही त्याला दिशा असतेच. हलक्या प्रतीचा तुकडा एका बाजूने सहज फाटतो आणि दुसऱ्या बाजूने चिवटपणा दाखवतो. दोन थर लावायचे झाल्यास ते एकमेकांवर आडवे-उभे ठेवावे असे जाणकार कारागीर सांगतात, ते यासाठीच.

बॅकिंगच्या मुख्य जाती तीनच. पहिली कापून टाकायची, म्हणजे कट-अवे: काम झाल्यावर बुट्टीच्या बाहेरचा भाग कात्रीने कापायचा आणि टाक्यांखालचा भाग कायमचा ठेवायचा. दुसरी फाडून टाकायची, म्हणजे टिअर-अवे: तिचा आधार भरतकाम चालू असेपर्यंतच. तिसरी पाण्यात विरघळणारी. इस्त्रीने चिकटणारी फ्युजिंग, पाठीला गोंद असलेली, उष्णतेने झडणारी असे पोटभेद पुष्कळ आहेत. पण या तिन्हींतील फरक ज्याला कळला त्याचे नव्वद टक्के काम झाले. फरक किमतीचा नाही, आधार किती काळ हवा याचा आहे. कापड स्वतः टाके पेलू शकत असेल तर आधार तात्पुरता पुरतो. पेलू शकत नसेल तर आधार त्या कापडाच्या जन्माला पुरला पाहिजे. आणि पाठीमागे काहीच उरू द्यायचे नसेल तर तो पाण्याबरोबर गेला पाहिजे.

पॉपलीन, केंब्रिक, मांजरपाट, जीन, कॅनव्हास ही घट्ट विणीची, न ताणणारी कापडे पहिल्या वर्गातली. त्यांना मध्यम वजनाचे टिअर-अवे चालते. नक्षी अगदी दाट असेल तरच कट-अवे घ्यावे. टी-शर्टचे होजिअरी, पिके, स्वेटरचे कापड हे दुसऱ्या टोकाला आहे. विणकामाच्या फाशांमुळे ते प्रत्येक धुण्यात ताणते आणि परत आकसते, पण टाके मात्र ताणत नाहीत. येथे टिअर-अवे लावणे म्हणजे पहिल्या धुण्यापर्यंतचीच हमी देणे होय. शाळा, क्लब आणि कंपन्यांच्या बोधचिन्हांचे टी-शर्ट पुरवणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल परत येतो तो बहुतांशी याच कारणाने: माल देताना बोधचिन्ह सपाट असते, दोन-तीन धुण्यांनंतर त्याची वाटी होते. अशा कापडाला कट-अवेच हवे. फिकट रंगाच्या पातळ टी-शर्टमधून पाठीचा चौकोन दिसू नये म्हणून जाळीदार मऊ कट-अवे मिळते. त्याची किंमत थोडी अधिक असते, पण तेच घ्यावे.

येथे वजनाविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. देशी रोलवर वजन ग्रॅम प्रति चौरस मीटर, म्हणजे जीएसएममध्ये लिहिलेले असते. परदेशी मालावर औंस प्रति चौरस यार्डमध्ये. एक औंस म्हणजे सुमारे ३४ जीएसएम. त्यामुळे दीड औंसाचे बॅकिंग म्हणजे ५१ आणि अडीच औंसाचे म्हणजे ८५ जीएसएम. हलक्या नक्षीला पहिले, दाट नक्षीला दुसरे असा साधारण हिशेब धरता येतो. ज्या रोलवर यांपैकी काहीच लिहिलेले नाही तो स्वस्त असला तरी दुकानात घेऊ नये. त्याच नावाने पुढच्या खेपेला वेगळाच माल येतो, आणि एकदा जमलेली नक्षी दुसऱ्यांदा का बिघडली याचा शोध कारागिराला लागत नाही.

आता मूर्तीच्या वस्त्रांकडे वळू. येथे कापडाच्या जातीइतकेच ते वस्त्र कसे पडणार आहे याला महत्त्व आहे. धोतराला निऱ्या असतात. दीड फुटाच्या मूर्तीच्या धोतराची निरी बोटभर रुंदीचीही नसते. काठावर भरतकाम करून मागे जाड कट-अवे ठेवले तर निरी वळतच नाही आणि काठ पुठ्ठ्यासारखा उभा राहतो. अशा काठाची नक्षी विरळ ठेवावी आणि आधार विरघळणारा किंवा हलका, स्वच्छ फाटणारा घ्यावा. फेट्याचेही तसेच. फेटा पिळून, घडीवर घडी बसवून बांधला जातो. पाठीमागे कायमचा थर असेल तर घड्या फुगतात. म्हणून भरतकाम तुऱ्यापुरते किंवा शेमल्याच्या टोकापुरते करून त्याच भागाला बॅकिंग द्यावे हे बरे.

शेला मात्र वेगळ्या स्वभावाचा. तो खांद्यावरून दोन्ही बाजूंना सुटतो आणि त्याची पाठ भक्तांच्या नजरेस पडते. जॉर्जेट, ऑर्गंझा किंवा नेटच्या शेल्यामागे पांढरे कट-अवे ठेवले तर समईच्या उजेडात त्याची सावली स्पष्ट दिसते. पारदर्शक कापडाला विरघळणारे बॅकिंग हाच खरा मार्ग. त्यातही दोन प्रकार आहेत: एक प्लास्टिकच्या कागदासारखा पातळ पापुद्रा आणि दुसरा कापडासारखा दिसणारा तंतुमय. पापुद्रा सुईच्या छिद्रांच्या रांगेत फाटतो. म्हणून नेटवर दाट काम करायचे असल्यास तंतुमय घ्यावा. सॅटिन आणि रेशमासारख्या सुळसुळीत कापडाला फ्रेममध्ये सरकू न देणे हे मोठे काम असते. त्याला हलके, मऊ फ्युजिंग इस्त्रीने चिकटवून मग खाली दुसरे बॅकिंग घेतात. पण कापडाच्या कोपऱ्यावर इस्त्री आधी पारखून पाहावी. कृत्रिम सॅटिन आणि टिश्यू मंद आचेवरच चालतात, आणि एकदा चकाकी गेली की ती परत येत नाही.

मखरामागचा मखमली पडदा आणि आसन यांचा प्रश्न आणखी निराळा. मखमलीला लव असते. टाके लवेत बुडतात आणि नक्षी पुसट दिसते. शिवाय फ्रेमच्या कडेने लव दबून कायमची गोल खूण उमटते. म्हणून जाणकार मखमल फ्रेममध्ये धरतच नाहीत. फ्रेममध्ये पाठीला गोंद असलेले बॅकिंग ताणतात आणि मखमल वरून अलगद दाबून चिकटवतात. लवेवर विरघळणारा पापुद्रा अंथरून त्याच्यावरून भरतकाम करतात. टाके त्या पापुद्र्यावर उचललेले राहतात आणि काम झाल्यावर तो काढून घेतला जातो. घरोघरच्या चंदरव्यांना आणि पूठियांना हाच नियम लागू आहे. हे कापड वर्षानुवर्षे टांगलेले राहते आणि जरीचे वजन त्याला सतत खाली ओढते, म्हणून त्याच्या पाठीला भक्कम कट-अवे कायमचे असावे. हाताने केलेल्या जुन्या जरदोसी कामाच्या पाठीला जाड अस्तर असते ते केवळ टोके झाकण्यासाठी नव्हे.

विरघळणाऱ्या बॅकिंगचा इतिहास समाजातील वाचकांना विचार करायला लावणारा आहे. भरतकामाचे पहिले यंत्र १८२८ मध्ये फ्रान्समधील म्युलूझच्या जोशुए हाइलमान यांनी बनवले. १८६३ मध्ये स्वित्झर्लंडच्या सेंट गॅलन परिसरातील इझाक ग्रोब्ली यांनी धोट्याचे यंत्र काढले आणि तो सारा प्रदेश भरतकामावर जगू लागला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे व जर्मनीतील प्लाउएन येथे एक युक्ती निघाली. रेशमी कापडावर सुती धाग्याने दाट भरतकाम करायचे आणि ते दाहक सोड्याच्या द्रावात बुडवायचे. क्षारात रेशीम विरघळते, सूत टिकते; उरते ती केवळ धाग्यांची जाळी. बाजारात आजही ज्याला 'केमिकल लेस' म्हणतात ती हीच. म्हणजे एके काळी लेससाठी आधाराचे कापड म्हणून रेशीम वापरले जाई आणि ते नष्टच करायचे असे. कोशातील जिवाची हत्या आधी, आणि त्यातून मिळालेले वस्त्रही टिकायचे नाही. रेशीम वर्ज्य मानणाऱ्या घरांतील कपाटात जुनी विलायती लेस असेल तर तिच्या जन्मात रेशीम असण्याचा संभव आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

पुढे १९२४ मध्ये जर्मनीत हेर्मान आणि हेनेल यांनी पॉलिव्हिनाइल अल्कोहोल तयार केले आणि १९३९ मध्ये जपानमध्ये इचिरो साकुरादा व सहकाऱ्यांनी त्याचा धागा काढला. आजचे विरघळणारे बॅकिंग याच द्रव्याचे असते. नावातील 'अल्कोहोल' हा शब्द रसायनशास्त्राच्या वर्गीकरणाचा आहे, त्याचा मद्याशी संबंध नाही. हे द्रव्य खनिज तेलापासून बनते, कोणत्याही प्राण्यापासून नाही. व्यापारी नजरेने पाहणाऱ्यास आणखी एक गमतीची गोष्ट करसारणीत सापडेल. न विणलेले कापड ५६०३ या शीर्षाखाली, बकरम ५९०१ खाली, प्लास्टिकचा लेप दिलेले कापड ५९०३ खाली आणि भरतकाम ५८१० खाली येते. त्यातला पहिला उपप्रकार आहे 'आधाराचे कापड न दिसणारे भरतकाम'. सेंट गॅलनच्या युक्तीला जगभरच्या सीमाशुल्क कचेऱ्यांत अशी कायमची जागा मिळाली आहे. दुकानदाराने मात्र यातून घ्यायचे ते एवढेच, की 'बॅकिंग' या एका नावाखाली बिल फाडताना माल कोणता आहे हे पाहिले पाहिजे.

कोकणातील हवेत या द्रव्याची खरी कसोटी लागते. जोह्यातील कारखान्यांत वस्त्रे नेसवण्याची घाई आषाढ-श्रावणात असते, आणि तेव्हा खाडीकाठच्या या पट्ट्यात भिंतीही घाम टाकतात. पाण्यात विरघळणारा पापुद्रा हवेतील दमटपणा शोषून लिबलिबीत होतो, फ्रेममध्ये सैल पडतो आणि नक्षी सरकते. उलट उन्हाळ्यात उघडा राहिला तर कोरडा पडून कडकतो व सुईखाली तडकतो. रोल हवाबंद डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवावा आणि लागेल तेवढाच बाहेर काढावा. दुकानात टांगून ठेवलेला उघडा रोल पावसाळ्यात विकू नये. दुसरी अडचण डिंकाची. मूर्तीवर कापड चिकटवायचा पांढरा डिंक पाण्यातला असतो, आणि पापुद्रा त्याच्या नात्यातलाच. मागे राहिलेले तुकडे ओल्या डिंकाच्या स्पर्शाने विरघळून वर येतात व सॅटिनवर चकचकीत डाग पडतो. म्हणून चिकटवायच्या वस्त्राला विरघळणारे बॅकिंग वापरले असल्यास ते आधी पूर्ण धुऊन, वाळवून घ्यावे. खडे आणि टिकल्या चिकटवलेले वस्त्र धुता येत नाही. तेथे बॅकिंग आधी काढावे आणि खडे नंतर लावावेत. क्रम उलटला की दोन्ही बिघडतात.

घरगुती पर्यायांविषयीही लिहायला हवे, कारण घरी यंत्र चालवणाऱ्या पुष्कळ भगिनी त्यांवरच काम भागवतात. जुने वर्तमानपत्र हा त्यांतील सर्वांत वाईट पर्याय. त्याची शाई फिकट कापडाला लागते, त्याचा चुरा बॉबीनच्या कप्प्यात साठतो आणि सुई लवकर बोथट होते. बोथट सुईने सॅटिनचे धागे ओढले जातात, आणि दोष कापडाच्या माथी मारला जातो. त्या मानाने कांजी चांगली. पातळ सुती कापडाला खळ देऊन, कडक इस्त्री करून मग भरतकाम करण्याची रीत जुनी आणि योग्य आहे. विरळ नक्षीला ती खळ हलक्या बॅकिंगला चांगली साथ देते. कोकणात तांदळाची पेज घराघरांत असतेच. मात्र खळ दिलेले वस्त्र भरतकाम झाल्यावर धुऊन टाकावे. पावसाळ्यात तसेच कपाटात ठेवले तर त्याला बुरशी आणि कसर लागते. कपड्यांतील जीवजंतूंविषयी दक्ष असणाऱ्या घरांत हे अधिक सांगण्याची गरज नाही.

खर्चाचा हिशेब मांडल्यावर बहुतेक वाद मिटतात. समजा एका शेल्याचे कापड, धागा आणि मजुरी मिळून ३०० रुपये होतात. साध्या आणि योग्य बॅकिंगमधील फरक शेल्यामागे ६ रुपये आहे. शंभर शेल्यांना ६०० रुपये अधिक लागतील. आता शंभरांपैकी दोनच शेले चुण्यांमुळे नाकारले गेले तरी ६०० रुपये तेथेच गेले. तिसरा बिघडला तर स्वस्त बॅकिंग महाग पडले. यात पुन्हा भरण्याचा वेळ धरलेला नाही. मूर्तींच्या धंद्यात तर तो सर्वांत महाग असतो, कारण चतुर्थीनंतर त्या शेल्याला पुढच्या वर्षापर्यंत गिऱ्हाईक नाही. वर्षभराचा माल एका पंधरवड्यात विकायचा असेल तेथे नाकारलेल्या नगाचा भार व्याजासह बसतो.

कर्जाच्या अर्जातही ही बाब नेहमी राहून जाते. भरतकामाच्या यंत्रासाठी कर्ज मागताना यंत्राचे दरपत्रक जोडले जाते, जागेचे भाडे दाखवले जाते, धाग्याची रक्कम अंदाजाने लिहिली जाते. बॅकिंग, सुया आणि बॉबीन यांचा रकानाच नसतो. मग पहिल्या ऑर्डरला हात आखडतो आणि काटछाट होते ती नेमकी न दिसणाऱ्या मालात. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत शिंपी आणि मूर्तिकार हे दोन्ही व्यवसाय समाविष्ट आहेत. पहिल्या टप्प्यात १ लाख आणि दुसऱ्या टप्प्यात २ लाख रुपयांपर्यंत ५ टक्के व्याजाने विनातारण कर्ज, शिवाय अवजारांसाठी १५ हजार रुपयांचे साहाय्य असे तिचे स्वरूप आहे. जोह्यासारख्या गावात एकाच अंगणात मूर्ती आणि वस्त्र दोन्ही तयार होऊ शकतात, तेथे तिचा विचार जरूर व्हावा. आणि खेळत्या भांडवलाच्या अंदाजात बॅकिंगची ओळ स्वतंत्र लिहावी.

नैसर्गिक धाग्यांच्या सूचनेचा एक परिणाम अजून ध्यानात घ्यायचा आहे. वस्त्र सुती असले तरी कट-अवे बॅकिंग बहुधा पॉलिएस्टरचे असते आणि भरतकामाचा चमकदार धागाही तसाच. असे वस्त्र मूर्तीबरोबर पाण्यात गेले तर सूत कुजेल, पण पाठीमागचा चौकोन खाडीच्या गाळात राहील. वस्त्र उतरवून ठेवायचे असेल तर पॉलिएस्टरचा टिकाऊपणा गुण ठरतो. विसर्जित व्हायचे असेल तर तोच दोष. सुती आणि व्हिस्कोसचे बॅकिंग मिळते, पण मागून घ्यावे लागते. ग्राहकाला विचारायचा पहिला प्रश्न म्हणूनच 'किती मीटर?' हा नसावा. कापड कोणते, धुणार का, आणि शेवटी ते कोठे जाणार, हे तीन प्रश्न आधी यावेत. तीन रोल, एक डबा आणि हे तीन प्रश्न एवढ्यावर लहान दुकानाचा बॅकिंगचा विभाग उभा राहू शकतो.

मोठी ऑर्डर घेण्यापूर्वी पारख करण्याची रीत सोपी आहे. ज्या कापडावर काम करायचे त्याच्याच तुकड्यावर, ठरलेले बॅकिंग लावून, पाच सेंटिमीटरचा एक भरीव चौकोन आणि तेवढाच एक गोल भरून घ्यावा. कापड फ्रेममध्ये बॅकिंगसह धरावे, सपाट असावे पण ताणलेले नसावे. ताणून धरलेले कापड सोडल्यावर आकसते आणि दोष बॅकिंगवर येतो. मग पट्टीने मोजावे. चौकोनाच्या दोन बाजूंत दीड-दोन मिलिमीटरहून अधिक फरक आला, तर बॅकिंग एक पायरी जड करावे किंवा टाके विरळ करावेत. चाळीस नंबरच्या धाग्याला दोन ओळींत ०.४ मिलिमीटर अंतर पुरेसे असते, त्याहून दाट भरण्याने शोभा वाढत नाही, ओढ वाढते. त्यानंतर तुकडा धुवावा, सावलीत वाळवावा, उलट बाजूने इस्त्री करावी आणि पुन्हा मोजावे. हा तुकडा, त्यावर रोलचे नाव आणि जीएसएम लिहून, ऑर्डरच्या कागदाला टाचून ठेवावा. पुढच्या वर्षी तोच ग्राहक तसाच शेला मागायला आला म्हणजे शोधाशोध करावी लागत नाही.